कोलशेतची खाडी आणि कोलूचा बांध

ठाण्याच्या कापूरबावडीपासून उत्तरेला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला कोलशेत रस्ता म्हणतात. ढोकाळी मागे पडली की पूर्वी या रस्त्याला कारखान्यांच्या लांबच लांब भिंती लागत आणि पाळी सुटण्याच्या वेळी सायकलींची रीघ लागे. त्या भिंती आता बहुतेक गेल्या. त्यांच्या जागी मान मागे टाकून पाहावे लागेल इतक्या उंच इमारती आल्या आणि त्यांना परदेशातल्या बागांची नि सरोवरांची नावे मिळाली. या इमारतींच्या पायथ्यावरून रस्ता तसाच पुढे जातो, थोडा अरुंद होतो, वळतो, आणि एकाएकी गाव लागते. देऊळ, दारापुढे तुळस, भिंतीला टांगलेले जाळे, सुकत घातलेला जवळा आणि त्यापलीकडे पाणी.

हे पाणी उल्हास नदीचे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून, कर्जत-बदलापूरचा मुलूख भिजवून, कल्याणचे जुने बंदर ओलांडून उल्हास ठाण्यापाशी येते. इथे तिच्या दोन वाटा होतात. एक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत शिरतो. मुख्य प्रवाह पश्चिमेला वळतो आणि घोडबंदरावरून वसईच्या समुद्राला मिळतो. या दुसऱ्या वाटेवर कोलशेत आहे. समोरच्या तीरावर भिवंडी तालुक्यातली गावे दिसतात. नदी म्हणावी तर पाणी खारे, समुद्र म्हणावा तर लाटा नाहीत. म्हणून तिला खाडी म्हणायचे.

कोलशेतची खरी मौज अशी, की हे गाव दोन जंगलांच्या मधोमध वसले आहे. पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. तिथे साग, ऐन, पळस आहेत, वारल्यांचे पाडे आहेत आणि बिबळ्या आहे. उत्तरेला खाडीच्या काठाने तिवरांचे बन आहे. पहिल्या जंगलाला जंगल म्हणायला कोणाची हरकत नसते. दुसऱ्याला मात्र पुष्कळ दिवस ‘चिखलातली झुडपे’ म्हणत असत. कायद्याला त्यांचे जंगलपण पटायला २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवण्याचा आदेश दिला आणि पुढे २०१२मध्ये वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष निघाला. म्हणजे आता ठाण्यात जंगलखात्याच्या माणसाला डोंगरही चढावा लागतो आणि चिखलही तुडवावा लागतो.

आसपासच्या गावांची नावे ऐका. घोडबंदर रस्त्यावर कोलशेतच्या शेजारी वाघबीळ आहे. जवळच चितळसर-मानपाडा आहे. चितळसर म्हणताना चितळ आठवल्यावाचून राहत नाही. वाघबीळ म्हणजे काय, हे तर शाळकरी पोरही सांगेल. मेट्रोच्या खांबांखाली मोटारींच्या रांगेत अडकलेला माणूस कंटाळून पाटीवरचे ‘वाघबीळ’ वाचतो आणि त्याचा अर्थ मनात न आणता पुढे सरकतो. जंगल मागे हटले, पण जाताना नावे ठेवून गेले.

आणि श्रद्धाही. आपण शहरातली माणसे आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस करतो, गायवासराची पूजा करतो. त्याच दिवशी सह्याद्रीच्या आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. शेंदूर लावलेल्या वाघोबापुढे नारळ फुटतो आणि ‘आमच्या गुरांना, पोराबाळांना सांभाळ’ असे मागणे मागितले जाते. गाईची पूजा आणि गाईला खाणाऱ्याची पूजा एकाच दिवशी! शहरी मनाला हे कोडे वाटते. वारली माणसाला त्यात कोडे काही नाही. ज्याच्या शेजारी राहायचे त्याच्याशी नाते जोडून राहायचे, एवढे साधे गणित आहे.

खाडीकाठच्या कोळी-आगरी मंडळींचे गणितही असेच. नारळी पौर्णिमेला पाण्याला नारळ द्यायचा, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला जायचे आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण कधी, अष्टमीचा भांग कधी हे पंचांग न उघडता सांगायचे. मी मराठीचा शिक्षक. मला त्यांच्या मासळीपेक्षा त्यांच्या शब्दांचा मोह अधिक पडतो. बंदरावर एका वृद्ध कोळीबुवांशी माझी ओळख झाली. मी त्यांना बाबा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. एकदा मी त्यांना सहज विचारले, “बाबा, या चिखलाला तुम्ही काय म्हणता?”

“कंच्या चिकलाला?” त्यांनी उलट विचारले. “चिकल काय येकच हाय का?”

आणि मग त्यांनी मला खाजण दाखवले, भातशेताला खाऱ्या पाण्यापासून राखणारा बांध दाखवला, बांधातली उघाडी दाखवली. भरतीला ती मिटायची, ओहोटीला उघडायची. चिखलावर टुणकन उडणारी निवटी दाखवली. तिवर वेगळे, कांदळ वेगळा, काटेरी पानांची मारांडी वेगळी, हे बोट धरून शिकवावे तसे शिकवले. चिंबोरीचे बीळ कोणते आणि रिकामे भोक कोणते, हेही सांगितले. अर्ध्या तासात शब्दांचा ढीग पडला. निघताना मी विचारले, “हे सगळे तुमच्या नातवंडांना ठाऊक आहे का?”

बाबा हसले. “त्यांना काय करायचंय, मास्तर? पानी हाय, पन खाडी ऱ्हायली नाय.”

घरी परतताना माझ्या मनात एका जंगलखात्यातल्या माणसाचे नाव आले. ते माणूस या बंदरावर आले असते, तर पहिल्याच दिवशी त्यांनी बाबांपाशी बैठक मारून वही उघडली असती. ते नाव म्हणजे मारुती चितमपल्ली.

मराठी घरांना हे नाव नवे नाही. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. सोलापूर हे कापडगिरण्यांचे नि मागांचे गाव, भोवती कोरडा माळ. अशा गावात जन्मलेला मुलगा अरण्याचा भाष्यकार व्हावा याचे आश्चर्य वाटते. पण त्यांच्या आठवणी वाचल्या की उलगडा होतो. रानाची पहिली ओळख त्यांना कोणत्या पुस्तकाने करून दिली नाही. आईने पाखरांची नि झाडांची नावे सांगितली, मामांनी रानात हिंडवले. त्यातले लिंबामामा तर त्यांच्या वाचकांच्याही ओळखीचे झाले आहेत. पुढे कोइमतूरच्या वनविद्यालयात १९५८ ते १९६० या काळात त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. लाकडाचे घनमाप, रोपवाटिका, जंगलाचा कायदा हे सगळे तिथे आले. पण पाया घरी घातला गेला होता.

वनाधिकाऱ्याची नोकरी म्हणजे बदल्यांची नोकरी. एका रेंजवर जरा कुठे रोपे जीव धरतात, तोच दुसरीकडचा हुकूम येतो. चितमपल्ली कर्नाळ्यापासून विदर्भातल्या नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटापर्यंत हिंडले. आज पनवेलजवळच्या कर्नाळ्याला मुंबई-ठाण्याची मुले सहलीला जातात. त्या पक्षी अभयारण्याच्या घडणीत त्यांचा वाटा आहे. नवेगावबांधचे राष्ट्रीय उद्यान आणि नागझिऱ्याचे अभयारण्य यांच्या विकासाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. १९९०मध्ये ते निवृत्त झाले.

सरकारी कामाचा व्याप सांभाळून या गृहस्थांनी आणखी एक उद्योग केला. नोकरीच्या गावी संस्कृत जाणणारे शास्त्री भेटले की त्यांच्यापाशी बसून ते जुन्या पद्धतीने संस्कृत शिकले. कशासाठी? तर आपल्या पूर्वजांनी पशुपक्ष्यांविषयी काय लिहून ठेवले आहे, ते मुळातून वाचता यावे म्हणून. त्या अभ्यासातून हंसदेव या जैन यतीच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या प्राचीन ग्रंथाचा मराठी अनुवाद निघाला. दिवसा गस्त आणि सांजेला पाठ! परंपरेवरची श्रद्धा म्हणजे नुसते हात जोडणे नव्हे. तिच्यासाठी म्हातारपणापर्यंत विद्यार्थी राहावे लागते, हे त्यांच्याकडे पाहून कळते. त्यांच्या एका पुस्तकाचे नावही संतांच्या अभंगातून आले आहे: ‘पक्षी जाय दिगंतरा’. पिलांसाठी चारा आणायला दूर जाणाऱ्या पाखराची ती प्रतिमा रानोमाळ हिंडणाऱ्या नोकरदाराला जवळची वाटली असेल, तर नवल नाही.

चितमपल्लींचे नवेगाव पाहावे, असे पुष्कळ दिवस मनात होते. ठाण्याहून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी गाडी गोंदियाला पोचवते. सकाळी डोळे उघडतात तो मुलूख बदललेला असतो. कोकणातल्यासारखीच भाताची खाचरे, पण इथे त्यांना बांध्या म्हणतात. शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, लहान तळ्याला बोडी म्हणतात. गोंदियाहून कोहमाऱ्यावरून मोटार नवेगावबांधला जाते. मी गेलो ते दिवाळीच्या सुटीत. या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार नि नाटके चालतात. आपली दिवाळी संपते तेव्हा त्यांची रंगात येते.

नवेगावचा तलाव प्रथम पाहिला तेव्हा ‘तलाव’ हा शब्द अपुरा वाटला. सुमारे ११ चौरस किलोमीटरांचे पाणी, तीन बाजूंना डोंगर आणि डोंगरांतून उतरलेले जंगल. हे पाणी देवाने नव्हे, माणसाने अडवलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने हा बांध घातला, असे सांगतात. कोहळी ही भंडारा-गोंदियाकडची शेतकरी जात. तलाव बांधण्यात नि पाण्याची वाटणी करण्यात तिचा हातखंडा. त्यांच्या तलावांमुळेच भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा हे नाव पडले. १९९९मध्ये त्याच जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला.

भोवतीच्या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध पुरा होईना, तेव्हा या सात बहिणींनी हात लावला आणि पाणी थांबले, अशी कथा आहे. आणि ज्याने बांध घातला तो कोलू पाटील? त्याला लोकांनी देव करून टाकले. कोलासूर या नावाने तिथल्या टेकडीवर त्याचे ठाणे आहे. गावाला पाणी देणाऱ्या माणसाचा देव होतो. मग त्या पाण्याच्या डोंगरावर कुऱ्हाड चालवताना हात आपोआप अडखळतो. वाघोबाचे जे ठाण्याकडे, तेच कोलासुराचे इकडे.

काठावर एक वयस्क डोंगीवाले उभे होते. त्यांनी विचारले, “कोन्या गावचे जी तुमी?”

“ठाण्याजवळचा. कोलशेतचा.”

“कोलशेत?” ते क्षणभर थांबले आणि हसून म्हणाले, “मंग तं आमच्या कोलूचंच शेत म्हना जी!”

व्युत्पत्तिशास्त्राच्या दरबारात ही व्युत्पत्ती पहिल्याच तारखेला फेटाळली जाईल, हे मला ठाऊक आहे. पण त्या सज्जनांनी आठशेहून अधिक किलोमीटरांवरच्या दोन पाण्यांची एका वाक्यात सोयरीक जुळवली, याचा मला आनंद झाला.

१९७५मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पण चितमपल्लींच्या लेखनातले नवेगाव म्हणजे नुसते उद्यान नव्हे, माणसांचा गोतावळा. त्यात सगळ्यांत ठळक माणूस नवेगावचे माधवराव पाटील. हातात सरकारी हुद्दा नाही, खांद्यावर पदवीचा झगा नाही. पण झाड, जनावर, पाखरू, पाणी यांविषयी माधवरावांना जे ठाऊक होते ते कोणत्याही विद्यालयात मिळण्यासारखे नव्हते. अधिकारी तिथे शिष्य झाला. गोंड शिकारी, ढीवर, गुराखी, वैदू, ज्याला रानातले काही ठाऊक आहे त्याच्यापुढे हा साहेब वही घेऊन बसला. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक वाचताना दिसते की त्यांच्या ज्ञानाचा उगम कचेरीत नव्हता, शेकोटीभोवती होता.

खाकी पोशाखातला माणूस आणि रानातला माणूस यांचे नाते आपल्याकडे बहुधा भीतीचे. एकाच्या हातात दंडाची पावती, दुसऱ्याच्या डोक्यावर मोळी. ब्रिटिश अमदानीत जंगलाचा कायदा आला तेव्हापासून हा पेच चालत आला आहे, आणि तो गोड बोलून सुटण्याइतका सोपाही नाही. मोळीवाल्याच्या घरी चूल पेटायची असते, अधिकाऱ्याला जंगल राखायचे असते. चितमपल्लींनी हा पेच सोडवला असे मी म्हणणार नाही. पण मोळीवाल्यापाशी सांगण्यासारखे काही आहे आणि आपण ते ऐकले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. जंगल राखायचे तर जंगलातल्या माणसाचा मान राखावा लागतो. मान राखण्याची पहिली पायरी म्हणजे त्याचा शब्द नीट ऐकून घेणे.

ऐकलेले शब्द त्यांनी जपले आणि जिथे शब्द नव्हता तिथे नवा घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाला ‘रातनिवारा’. किती सहज शब्द आहेत! २००२मध्ये त्यांचा ‘पक्षीकोश’ आला. एकेका पाखराला वेगवेगळ्या मुलखांतल्या लोकांनी दिलेली नावे तिथे शेजारी शेजारी नांदतात. त्यांनी सांगितलेल्या काही लोकसमजुतींविषयी मात्र थोडे तारतम्य हवे. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर बांधले, यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत त्यांनी लोकांपुढे मांडली, आणि दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रे ती आठवणीने छापतात. वेधशाळेच्या मापाला ती उतरेलच असे नाही. परंतु तिच्यापायी चार माणसे वैशाखात मान वर करून कावळ्याचे घरटे शोधतात, हा लाभ लहान नव्हे.

२००६मध्ये सोलापुरात भरलेल्या ७९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. जन्मगावी आणि तेही वनखात्यातल्या माणसाला! त्यापूर्वी त्यांचे ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र आले होते. ‘एक वनोपनिषद’ असे त्याचे उपशीर्षक आहे. उपनिषद म्हणजे गुरूच्या जवळ बसून मिळवलेले ज्ञान. त्यांचे गुरू आई, मामा, शास्त्रीबुवा, माधवराव आणि कितीतरी अनाम आदिवासी. उतारवयात ते विदर्भातून सोलापूरला परतले. २०२५मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला त्यांनी सोलापुरातच देह ठेवला. घर, श्रद्धा आणि समाज या तीन गोष्टी आपण आयुष्यात वेगवेगळ्या खणांत ठेवतो. या माणसाच्या बाबतीत तिन्हींचा धागा एकाच रानातून गेला.

आता आपल्या खाडीचा विचार करू. तिवरांना कायद्याचे कुंपण आहे, आणि ते हवेच. ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५मध्ये झाले, २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा जागतिक मानही मिळाला. माझ्या वर्गातली मुले ‘फ्लेमिंगो’ म्हटले की लगेच माना डोलावतात. ‘रोहित’ म्हटले की वर्गातल्या रोहितकडे पाहतात. हसू येते, पण यातला तोटा खरा आहे. ज्या गोष्टीला आपल्या तोंडी नाव नाही, ती गेली तर आपल्याला कळतसुद्धा नाही. उघाडी हा शब्द ज्याला ठाऊक आहे, त्याला ती बुजलेली पाहून पावसाळ्याची काळजी वाटते. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या पायाखाली फक्त सिमेंटची फरशी असते. आणि पावसाळ्यात पाणी तळमजल्यात शिरले की तो आभाळाला दोष देतो.

शासनाने २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालीम अलींच्या जन्माचा. हा आठवडा नेहमी दिवाळीच्या आगेमागे येतो. फराळाची ताटे फिरून झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मुलांची सुटी अजून शिल्लक आहे, अशा एखाद्या सकाळी ठाणेकरांनी ओहोटीची वेळ पाहून कोलशेतच्या बंदरावर जावे. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. शेकाट्या आपल्या तांबड्या काटकुळ्या पायांनी चिखल मोजताना दिसेल, खंड्या तिवराच्या फांदीवरून सूर मारील, तुतवार शेपटी हलवीत काठाने धावेल.

मात्र बरोबर मुलांची एक कोरी वही आणि पेन्सिल अवश्य न्यावी. काठावर जाळे सांधत कोणी आजोबा किंवा वाटा लावून बसलेल्या मावशी भेटतील. मुलांनी त्यांना अदबीने विचारावे, “याला तुम्ही काय म्हणता?” आणि सांगतील ते जसेच्या तसे, त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावे. एका सुटीत दहा शब्द जमले तरी पुष्कळ झाले. नवेगावच्या शेकोटीभोवतीसुद्धा वहीचे पहिले पान असेच भरले असेल.